डेडस्टॉकमधला युफोनियम: आमच्या नगरपरिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय सदस्य,
आमच्या गावची नगरपरिषद, मराठवाडा.

विषय: न. प. शाळा क्रमांक दोनमधील संगीत खोली रिकामी करण्याच्या ठरावाबाबत.

महोदय,

सविनय जय भीम, नमस्कार.

गावाचं नाव वर मुद्दाम लिहिलेलं नाही. आपल्या कार्यालयात या पत्राला आवक क्रमांक पडला आहे, तेव्हा आपल्याला कळायचं ते कळलंच आहे. बाकीच्या वाचकांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचावं. मराठवाड्यात फार कुठं अडेल असं वाटत नाही.

गावच्या महोत्सवात, मुंबईच्या गायकाचा कार्यक्रम सुरू होण्याआधी, नगराध्यक्षांनी भाषण केलं. मी चौथ्या रांगेत होतो. आपण म्हणालात, "आपली लेकरं कोरियाची गाणी ऐकायलेत. भाषा कळत नाही तरी पाठ करायलेत. आपल्याकडं काय कमी आहे? गंगाखेडची जनाबाई आपली, नर्सीचे नामदेव आपले, पैठणचे एकनाथ आपले. मग जगानं आपली गाणी का ऐकू नयेत?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण प्रश्न मनापासून विचारलेला वाटला.

त्यानंतर नवव्या दिवशी सर्वसाधारण सभेत ठराव झाला. संगीत खोली रिकामी करून तिथं स्पर्धा परीक्षा अभ्यासिका करावी आणि खोलीतलं 'निरुपयोगी साहित्य' निर्लेखित करावं, म्हणजे नोंदवहीतून कमी करून मोडीत काढावं. चर्चा अशी झालीच नाही. एक सन्माननीय सदस्य एवढंच म्हणाले, गाण्याबजावण्यानं कुणाचं पोट भरलंय? इतिवृत्तात ते वाक्य आलेलं नाही, पण मी मागच्या बाकावर बसून ऐकलं.

नवव्या दिवशी, साहेब. भाषणातला प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचं माझ्यापुरतं उत्तर मी इथं लिहितो आहे. ते त्या खोलीतूनच जातं, म्हणून पत्र लांबलं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

आधी माझा संबंध सांगतो. आमचं घर वाजवणाऱ्यांचं. आज्जाची हलगी, वडिलांचा बँड. मिरवणुकीत आम्ही सगळ्यांच्या पुढं आणि पंगतीत सगळ्यांच्या मागं. जाळावर तापवून हलगी कशी कडक करायची हे मला शाळेचं तोंड पाहण्याआधी माहीत होतं. पण पेटीला पहिल्यांदा हात लावायला मिळाला तो या खोलीत, १९७६ साली, पाचवीत असताना. तेव्हा शाळेला संगीत शिक्षक होते. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. ते कोणत्या आळीतले आणि मी कोणत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी नगरपरिषदेच्या कपाटातली क्लॅरनेट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ओठ असे धर.

जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या वस्तीतली माणसं कित्येक रात्री जागी होती. शाळेत परत गेलो त्या संध्याकाळी मी खोलीच्या दारात नुसता उभा राहिलो. गुरुजी म्हणाले, "उशीर झाला. सूर लाव." यावर आणखी काही लिहीत नाही.

पुढं मी एसटीत वाहक झालो. लग्नसराईत रजा टाकून बँडमध्ये वाजवत राहिलो. गुरुजी १९९६ साली निवृत्त झाले, त्यांचं पद भरलं गेलं नाही, आणि काही वर्षांनी ते व्यपगत झालं. (म्हणजे कायमचं रद्द. हा शब्द मी तेव्हाच शिकलो. माणूस गेला तर तेरावा तरी होतो, पद व्यपगत झालं की कुणी चहासुद्धा पीत नाही.) तेव्हापासून गुरुजींचे आम्ही चार-पाच विद्यार्थी संध्याकाळी सहा ते आठ ही खोली चालवत आलो. मानधन मागितलं नाही, बल्ब आम्हीच आणला. यंदा २२ लेकरं होती. त्यांत आराधी घरातला एक पोरगा आहे, त्याचा हात संबळावर असा बसतो की मी मध्येच शिकवायचं थांबतो. ढोलकी वाजवणारी सातवीतली एक मुलगी आहे. आणि आपल्याच एका सदस्यांचा नातू आहे, तो कीबोर्डवर दिवसभर कोरियाची गाणी काढतो. चांगली काढतो.

आता आपला प्रश्न. जग काही देशांचीच गाणी का ऐकतं?

जमैकापासून सुरू करतो, कारण जमैका म्हणजे लोकसंख्येनं आपला बीड जिल्हा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात २५ लाख ८५ हजार माणसं होती, जमैकात त्याच वर्षी सुमारे २७ लाख. ऊस तिथंही आहे, गरिबी तिथंही आहे, कामासाठी घर सोडून जाणाऱ्यांची रांग तिथंही आहे. या एवढ्याशा बेटावरून रेगे नावाचं संगीत निघालं आणि जगभर गेलं. २०१८ मध्ये युनेस्कोनं ते मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

लोक रेगे गाणाऱ्या बॉब मार्लेचं नाव घेतात. मी शाळेचं घेतो. किंगस्टन शहरात अल्फा बॉइज स्कूल नावाची शाळा होती. सुरुवात १८८० ची, पुढं कॅथलिक जोगिणींनी चालवलेली. अनाथ, उनाड, कोर्टानं पाठवलेली पोरं तिथं यायची. शिवणकाम, छपाई, चांभारकाम असे हुन्नर शिकवायचे आणि त्यांतलाच एक हुन्नर म्हणजे बँड. पितळी वाद्यं शाळेची, पोरांच्या खिशात दमडी नाही. सिस्टर इग्नेशियस नावाच्या बाईंनी या पोरांना कित्येक दशकं वाढवलं. त्यांच्याकडं तबकड्यांचा मोठा साठा होता, आणि सुटीच्या दिवशी त्या स्वतः पोरांना गाणी लावून द्यायच्या. १९६४ मध्ये स्काटलाइट्स हा वाद्यवृंद उभा राहिला, तेव्हा त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, लेस्टर स्टर्लिंग आणि जॉनी मूर हे चौघं याच शाळेचे होते. मार्ले आणि त्याच्या साथीदारांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगला साथ याच मंडळींची.

दुसरी गोष्ट ऐकून आपल्याला हसू येईल. जमैकात डीजे होता. साउंड सिस्टीम म्हणायचे. माणसाएवढे कर्णे रस्त्यात उभे करायचे, गल्लीतली माणसं नाचायची, दोन सिस्टीमवाल्यांची जुगलबंदी लागायची. गणपतीत आपल्याकडं लागते तशीच. पण कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड या सिस्टीमवाल्यांना समोरच्याकडं नसलेलं गाणं हवं असायचं. म्हणून ते गावातल्याच वाजवणाऱ्यांना बोलावून रेकॉर्ड करू लागले. डॉडनं १९६३ मध्ये स्वतःचा स्टुडिओ टाकला. आणि त्या किंगस्टनमधला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा पोरगा १२ व्या वर्षी घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीच्या पार्टीत, ब्राँक्समधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये, त्यानं दोन टर्नटेबल लावले. हिप-हॉपची माणसं आपला जन्मदिवस तोच धरतात.

मी आयुष्यभर डीजेला शिव्या दिल्या. बँडचा बँजो झाला, बँजोचा डीजे झाला आणि आमचा इसार बंद झाला. पण माझा पुतण्या रात्री लॅपटॉपवर भीमगीतांचं रिमिक्स करतो, त्यात एकदा त्यानं माझ्या वडिलांच्या हलगीची चाल घातली आणि मला न सांगता जयंतीला वाजवली. मी रस्त्यात उभा राहून ऐकलं. आवाज फार होता, ते सोडा. चाल बरोबर होती.

आता पहिली तक्रार, कारण ती इथंच येते. आपल्या खोलीत तीन ट्रम्पेट होते, एक साइड ड्रम, दोन पेट्या, तबला-डग्गा, ढोलकी, माझी क्लॅरनेट आणि एक युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. ही सगळी वाद्यं शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत. नावच असं की पुढचं काही सुचू नये. निर्लेखन झालं, पंचनामा झाला, आणि पितळ भंगारवाल्याला किलोच्या भावानं गेलं. पेटीचा भाता फाटला म्हणून ती निरुपयोगी होत नाही, भाता दुरुस्त करणारा माणूस आपल्याच बाजारपेठेत बसतो. पंचनाम्यावर सही करणाऱ्यांत वाद्य ओळखणारा एकही माणूस नव्हता. अल्फा शाळेतली पितळी वाद्यं कुणी अशी किलोवर घातली असती तर काय झालं असतं, हा हिशेब आपणच करावा.

स्वीडनची गोष्ट वेगळी आहे. तो श्रीमंत देश, त्याच्याशी आपली बरोबरी कशी, असं आपण म्हणाल. माणसं मात्र मोजून बघा. स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, मराठवाड्याचे आठ जिल्हे २०११ मध्येच एक कोटी ८७ लाख. ६ एप्रिल १९७४ रोजी आब्बा या चौघांनी इंग्लंडमध्ये युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली, तिथपासून हा देश गाणी निर्यात करतो आहे. ब्रिटनी स्पिअर्सपासून द वीकेंडपर्यंतच्या अमेरिका-कॅनडातल्या गायकांची कितीतरी गाणी मॅक्स मार्टिन नावाच्या स्वीडिश माणसानं रचलेली आहेत. हा माणूस लहानपणी फ्रेंच हॉर्न वाजवायचा. तो शिकला सरकारी संगीत शिक्षणात, आणि आपल्या यशाचं श्रेय तो त्यालाच देतो. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकापासून नगरपालिकांच्या संगीत शाळा पसरत गेल्या. नगरपालिकांच्या, साहेब. फी थोडी, वाद्य घरी न्यायला मिळतं. पोरांनी बँड काढला तर अभ्यास मंडळांच्या अनुदानातून सरावाची खोली मिळते. आपण जी बंद केली, तीच ही वस्तू.

दुसरी तक्रार शिक्षकाची. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ चा. सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. शाळा क्रमांक दोनचा पट त्याहून जास्त आहे. आणि गंमत पुढं आहे. दहावीला शास्त्रीय संगीत आणि लोककलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून परीक्षेच्या आधी पालक माझ्याकडं येतात, "सर, एवढं सर्टिफिकेटचं बघा." सा कुठला विचारलं तर लेकरू आईकडं बघतं. गुण द्यायची सोय झाली, शिकवायची राहिली. मग ज्यांच्याकडं पैसे आहेत ते जिल्ह्याच्या गावाला क्लास लावतात, आणि संबळवाल्याच्या पोराला गुण मिळत नाहीत. तो वाजवतो त्याचं सर्टिफिकेट कोण देणार?

परदेश नको वाटत असेल तर गोवा बघा. हिंगोली सोडली तर मराठवाड्यातला प्रत्येक जिल्हा माणसांनी गोव्याहून मोठा आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत लेकरांना सूर वाचायला, व्हायोलिन धरायला शिकवलं जायचं. हेतू चर्चमध्ये गाण्याचा होता, हिंदी सिनेमाचा नव्हता. पण मुंबईत सिनेमाला वाद्यवृंद लागला तेव्हा कागदावरचं संगीत वाचणारी माणसं तयार होती ती गोव्यातली. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडं वाद्यमेळ बांधायचे. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या एका गाण्यात त्यांनी गुरूचं नाव साऱ्या देशाच्या तोंडी घातलं. आपण लग्नात जे 'आपलं' हिंदी गाणं म्हणतो, त्याच्या मागचा भरणा गोव्यातल्या खेड्यांतल्या शाळांचा आहे.

कोरियाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आपण त्याच देशाचं नाव घेतलं होतं. तिथं १९९० च्या दशकापर्यंत गाणं छापण्याआधी सरकारी माणसाला दाखवावं लागायचं. कलाकार भांडले आणि १९९६ मध्ये ही पूर्वतपासणी गेली. त्याच सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांसमोर एक हिशेब मांडला गेला होता, की हॉलिवूडच्या एका डायनोसॉरपटाची कमाई म्हणजे १५ लाख ह्युंदाई मोटारींची विक्री. मग १९९७ चं चलन संकट आलं, देश कर्जबाजारी झाला, आणि १९९९ मध्ये त्यांनी सांस्कृतिक उद्योगांसाठी कायदा करून निधी उभा केला. हातात पैसा नसताना. त्यानंतर १३ वर्षांनी साय नावाच्या गड्याचं गाणं यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिलं गेलं, तोवर तिथं कुणाचाही व्हिडिओ पोचला नव्हता. २०१८ मध्ये बीटीएस या तिथल्या गायकांच्या गटाचा अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिला आला.

कोरियाचं सगळंच घ्या असं मी म्हणत नाही. तिथल्या कंपन्या पोरांना इतक्या लांबच्या करारात बांधायच्या की कोर्टकज्जे झाले आणि सरकारला नमुना करार आणून मुदत सात वर्षांवर आणावी लागली. आपल्या लेकरांची अशी घाणी मला नको आहे. पण सरकारनं आधी कात्री खाली ठेवली आणि मग पिशवी उघडली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आपल्याकडं तो उलटा होतो, आणि हा दोष फक्त आपल्या नगरपरिषदेचा नाही. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. ज्या वाद्यावर आमची भजनं, कव्वाल्या आणि जलसे उभे होते, ते रेडिओला चालत नव्हतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी, विद्वान गृहस्थ. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटली आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं. सगळा देश शेजारच्या देशाच्या रेडिओवर आपलीच गाणी ऐकत बसला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

तिसरी तक्रार याच जातीची. महोत्सवात पाहुण्यांच्या स्वागताला कमानीपाशी हलगी होती, दोन तास उन्हात. संबळ होतं, दिवटी होती. मंचावर यातलं काही नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, मंचावरचा कार्यक्रम 'दर्जाचा' ठेवायचा आहे. आपण भाषणात एकनाथांचं नाव घेतलंत. नाथांनी भारूड कुठून आणलं? जोशी, गोंधळी, वासुदेव, महार, रस्त्यावरची माणसं, त्यांची बोली, त्यांच्या चाली. नाथांनी ती कमानीपाशी उभी केली नाहीत. अमेरिकेचं संगीत जगभर गेलं ते गोऱ्यांच्या दिवाणखान्यातलं नव्हे, कापसाच्या शेतातून शिकागो-डेट्रॉइटला कामासाठी गेलेल्या काळ्या माणसांचं. तिथल्या धन्यांना एकाएकी दया आली असं काही झालं नाही. त्या माणसांना गिटार, दारू-गुत्त्याचा का होईना एक मंच आणि तबकडी विकणारा माणूस मिळाला, आणि लुबाडले गेले तरी त्यांचं नाव तबकडीवर छापलं गेलं. कमानीपाशी वाजवणाऱ्याचं नाव आपल्या निमंत्रणपत्रिकेत नव्हतं. त्याला मिळालेली रक्कम मी इथं लिहीत नाही, आपल्यालाच वाईट वाटेल.

एक कबुली द्यायला हवी. खोली चालू ठेवली की जग जिंकता येतं, असं मी म्हणत नाही. इंग्रजीत गाणाऱ्याला अर्धं जग फुकट मिळतं. अमेरिकेच्या मागं डॉलर होता, सिनेमा होता, देशोदेशी तळ ठोकलेल्या सैनिकांचा रेडिओ होता. ते आपल्या ठरावानं येणार नाही. पण 'मराठी कोण ऐकणार' हे रडगाणंही मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी ३० लाख होते. आणि आपण कधी काही पाठवलंच नाही असंही नाही. तेव्हाच्या औरंगाबादचा कवी वली १७०० साली दिल्लीला गेला, पुढं त्याचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, तिथं पोचला, आणि फारसीत लिहिणारी दिल्ली दख्खनच्या उर्दू बोलीकडं वळली. त्याच शहरातल्या सिराज या कवीची गझल कव्वाल अजून गातात. आपल्या भागात जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांचं आयुष्य गेलं. ताडकळसच्या, माजलगावच्या बायांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या त्या बाहेरून आलेल्या अभ्यासकांमुळे, म्हणून तरी आज ऐकायला मिळतात. आपल्या वाचनालयात त्यातली एकही नाही.

अभ्यासिकेला माझा विरोध आहे असं कुणी पसरवू नये. माझी मुलगी तलाठी भरतीची तयारी अशाच एका अभ्यासिकेत बसून करत होती, दुसऱ्या गावात, महिना भाडं देऊन. आपल्या गावात ती हवी. पण व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरचे गाळे किती वर्षं कुलूपबंद आहेत हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. नाट्यगृहाचं भूमिपूजन माझ्या आठवणीत तीनदा झालं, तिथं शेळ्या चरतात. जागा नाही म्हणून खोली गेली, हे पटणारं नाही. ती गेली कारण तिच्यासाठी सभेत तोंड उघडणारं कुणी नव्हतं.

मागण्या लिहितो. फार नाहीत.

खोली शाळेतच राहू द्या आणि अभ्यासिका संकुलातल्या रिकाम्या गाळ्यांत करा. हे जमत नसेल तर पर्यायी खोली लेखी द्या, सायंकाळी सहा ते नऊ, विजेसह. आवाज करायला परवानगी असलेली खोली हवी, एवढंच. शेजारी दवाखाना नसावा, हे मीच सांगतो.

कायद्यात सांगितलेला कला शिक्षणाचा अंशकालीन निदेशक पुढच्या शैक्षणिक वर्षापासून नेमा. माझी उमेदवारी नाही, माझं वय गेलं. निवडीत लोकवाद्य वाजवणाऱ्याला अपात्र ठरवणारी पदवीची अट घालू नका.

निर्लेखनाची यादी, पंचनामा आणि भंगाराची पावती सूचनाफलकावर लावा. यापुढं कोणतंही वाद्य मोडीत काढायचं असेल तर वाजवणारी दोन माणसं समितीत घ्या. जी वाद्यं उरली आहेत ती लेकरांना अनामत न घेता घरी न्यायला द्या. वाद्य हरवेल ही भीती आहे. हरवू द्या एखादं. कपाटात राहून काय झालं ते आपण पाहिलं.

महोत्सवाचा जमाखर्च प्रसिद्ध करा. पाहुण्या कलाकाराला, मंडपाला, दिव्यांना आणि कमानीपाशी वाजवणाऱ्यांना किती दिले, हे चार आकडे पुरेत. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ तालुक्यातल्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांची ठेवा, मंचावर, नावं छापून, ठरलेलं मानधन आधी हातात देऊन. त्यांचं ध्वनिमुद्रण करून वाचनालयात ठेवा आणि त्यावर 'पारंपरिक' असं लिहून मोकळे होऊ नका. ज्यानं गायलं त्याचं नाव लिहा.

आणि ज्या सदस्यांनी गाण्याबजावण्यानं पोट भरतं का विचारलं, त्यांनी एकदा संध्याकाळी येऊन नातवाचा कीबोर्ड ऐकावा. ही मागणी नाही, आमंत्रण आहे.

एक शेवटचं. युफोनियम मी भंगारवाल्याकडून परत आणला आहे. वजन करून घेतला, पावती या पत्रासोबत जोडली आहे. मधला व्हॉल्व्ह अडकतो, तोंडाशी पोचा आहे, बाकी ठीक. तो नगरपरिषदेचा आहे, मला ठेवून घ्यायचा नाही. सध्या आमच्या पडवीत आहे आणि लेकरंही तिथंच येतात, २२ मधली १४ उरली आहेत. शेजारच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांना रात्री त्रास होतो, त्यांची तक्रार रास्त आहे. तेव्हा तो कुठं आणून द्यायचा, ते लेखी कळवावं.

आपला,
गुरुजींच्या खोलीतला एक क्लॅरनेटवाला
(सेवानिवृत्त वाहक)